तांदळातला खडा, डोळ्यातला पडदा आणि उजेडाचं काम



भारतीय दुकानातून तांदळाची पिशवी आणली की तिच्यावर बरेचदा 'सॉर्टेक्स' हा शब्द छापलेला असतो. आपल्या बायका मला विचारतात, ही कुठली नवीन जात? कोलम ऐकला, आंबेमोहोर ऐकला, बासमती तर रोजचाच. हा सॉर्टेक्स कुठे पिकतो? तर हा कुठेच पिकत नाही. सॉर्टेक्स हे लंडनमधल्या एका जुन्या कंपनीचं नाव आहे. १९४७ पासून ती धान्य आणि बिया निवडण्याची यंत्रं बनवत आली, पुढे ब्युलर या स्विस कंपनीत सामील झाली. भारतातल्या गिरण्यांत ही यंत्रं इतकी पसरली की डालडा म्हटलं की वनस्पती तूप, तसं सॉर्टेक्स म्हटलं की यंत्राने निवडलेला तांदूळ, असा अर्थच होऊन बसला. जपानच्या साताके कंपनीच्या यंत्रातून निघालेल्या तांदळालाही दुकानदार सॉर्टेक्सच म्हणतो.

हे मला ठाऊक, कारण माझी सारी नोकरी काचेची. रेहोवोतजवळच्या एका कारखान्यात मी अठ्ठावीस वर्षं भिंगांवर आणि फिल्टरांवर थर चढवण्याचं काम केलं. तयार माल खोक्यात भरून कुठे जातो, हे विचारायची मला खोड होती. काही खोकी तांदूळ, बदाम, शेंगदाणे निवडणाऱ्या यंत्रांसाठी जायची आणि काही इस्पितळाच्या यंत्रांसाठी. काच तीच, काम करायची पद्धतही जवळजवळ तीच, फक्त कुठला रंग आत सोडायचा आणि कुठला अडवायचा एवढाच फरक.

आता आपण सगळे सत्तरी-ऐंशीच्या पुढचे. त्या इस्पितळातल्या काचेसमोर हनुवटी टेकवून बसायची पाळी आपलीच आहे. आणि मी पाहतो, कित्येक जण बसतच नाहीत. साखरेचा आजार आहे, कुपत खोलीममधून डोळे तपासायचं पत्र आलं आहे, पण "ते मशीन किरणं सोडतं" म्हणून पत्र फ्रिजवर चिकटवलेलं राहतं. त्या मशीनमध्ये नेमकं काय होतं ते सांगावं म्हणून हा लेख. पण सुरुवात तांदळापासूनच करतो, कारण तांदूळ निवडणं आपल्याला कळतं.

आपली आजी तांदूळ कसे निवडायची? दाराशी, उजेडात बसायची. मूठभर दाणे सुपात पसरायची, एकावर एक राहणार नाहीत असे. नजर फिरवायची, आणि खडा दिसला की बोटाने बाजूला. उजेड, पसरणं, नजर, बोट. यंत्रात या चारही गोष्टी आहेत.

वरच्या पेटीतून तांदूळ एका थरथरणाऱ्या ताटावर येतो आणि तिथून उतरत्या पन्हळीवरून खाली घसरतो. घसरताना दाणे आपोआप एका पातळ थरात पसरतात. पन्हळ संपली की ते हवेत पडतात आणि त्या क्षणी पुढून आणि मागून कॅमेरे त्यांना पाहतात. हे कॅमेरे आपल्यासारखा अख्खा फोटो काढत नाहीत. ते फक्त एक आडवी रेघ पाहतात, पण सेकंदाला हजारो वेळा. त्या रेघेतून जाणारा प्रत्येक दाणा पुढून-मागून तपासला जातो. काळा, पिवळा, खडूसारखा पांढरा किंवा लाल दाणा दिसला की खाली बसवलेल्या बारीक नळीतून दाबलेल्या हवेची फुंकर येते, काही हजारांश सेकंदांची, आणि तो एक दाणा धारेतून बाहेर उडतो. हे आजीचं बोट. फुंकरीबरोबर शेजारचे दोन-चार चांगले दाणेही उडतात, म्हणून बाहेर पडलेला माल पुन्हा एकदा यंत्रातून काढतात.

मला यातली सगळ्यात आवडलेली युक्ती सांगतो. कॅमेऱ्यासमोर, दाण्यांच्या पलीकडे एक पडदा असतो. त्याचा उजळपणा मुद्दाम चांगल्या दाण्याइतकाच ठेवतात. म्हणजे चांगला दाणा समोरून गेला तर कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही, तो पडद्यात मिसळून जातो. दिसतो तो फक्त वाईट दाणा. एक किलो तांदळात साधारण ४० ते ५० हजार दाणे असतात, टनाला चार-पाच कोटी. मोठं यंत्र तासाला कित्येक टन माल काढतं. एवढ्यांतला प्रत्येक चांगला दाणा पाहत बसायला वेळ कुणाला आहे!

पण एक अडचण उरते. पांढरा खडा किंवा काचेचा तुकडा तांदळाच्याच रंगाचा असेल तर? रंग पाहणारा कॅमेरा तिथे फसतो. म्हणून चांगल्या यंत्रांत दुसऱ्या प्रकारचा कॅमेरा असतो, जो आपल्याला न दिसणारा उजेड पाहतो. तांबड्याच्याही पलीकडचा, म्हणून त्याला अवरक्त म्हणतात. उजेडाची लाट नॅनोमीटरमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. आपल्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० पर्यंतचं दिसतं. १४५० च्या आसपासचा उजेड पाणी चांगलंच शोषून घेतं. आणि कोरड्या दिसणाऱ्या तांदळातही शंभरात बारा-चौदा भाग पाणी असतंच. खड्यात आणि काचेत ते जवळजवळ नसतं. त्या उजेडात तांदूळ काळपट दिसतो आणि खडा चमकतो. साधा कॅमेरा सिलिकॉनचा असतो, त्याची नजर ११०० पर्यंतच पोचते. पुढचं पाहायला इंडियम, गॅलियम, आर्सेनिक अशा मूलद्रव्यांचं मिश्रण लागतं आणि ते महाग. म्हणूनच सॉर्टेक्स लिहिलेल्या सगळ्याच पिशव्या सारख्या निवडलेल्या नसतात. पेसाखच्या आधी तांदूळ तीन-तीनदा निवडायची रीत ज्या घरांत आहे, त्यांनी ती सोडू नये. मालिद्याचे पोहेही मी अजून ताटात पसरून पाहतो, त्यात तूस निघतंच.

आता माझं काम, म्हणजे फिल्टर. आपला चष्मा काढून तिरका धरा. काचेवर जांभळट-हिरवट झाक दिसेल. तो रंग काचेचा नाही. पावसात रस्त्यावरच्या डबक्यात पेट्रोलचा थेंब पडला की जे मोरपंखी रंग उमटतात, त्यांच्याच जातीचा तो. थराच्या वरच्या बाजूवरून थोडा उजेड परततो, खालच्या बाजूवरून थोडा. परतताना दोन्ही लाटांची गाठ पडते. लाट लाटेशी जुळली तर तो रंग उठून दिसतो, उलट पडली तर तो रंग मरतो. आम्ही हवा काढून घेतलेल्या भांड्यात काचेवर असे थर एकावर एक चढवायचो, कधी वीस, कधी पन्नास, प्रत्येक थर उजेडाच्या लाटेच्या चौथ्या हिश्श्याएवढा. जाडी जरा चुकली तर अख्खी खेप फेकून द्यायची. पण नीट साधलं की काच सांगेल तोच रंग आत सोडते आणि बाकीचे परत पाठवते. तीन रंगांना तीन वाटांनी पाठवणारा काचेचा लोलक असाच बनतो. धान्याच्या काही कॅमेऱ्यांत तो असतो आणि पोटाला भोकं पाडून पित्ताशय काढतात त्या शस्त्रक्रियेच्या कॅमेऱ्यातही असतो. सर्जनला लाल रंग अगदी खरा दिसायला हवा, नाहीतर रक्तवाहिनी कुठली आणि पित्ताची नळी कुठली हे पडद्यावर कळायचं नाही.

फिल्टरची खरी करामत पाहायची तर शेंगदाणा घ्या. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. रोग कुठला ते कळेना. शेवटी ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीत बुरशीचं विष सापडलं, त्याला अफलाटॉक्सिन म्हणतात. हे विष यकृत खराब करतं, त्यातून कर्करोगही होतो, आणि ते भाजल्या-उकळल्याने पुरतं जात नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थानच्या आदिवासी भागात बुरशी लागलेला मका खाऊन शंभरावर माणसं दगावली. हे विष अतिनील उजेडात चमकतं. एक प्रकार निळा, दुसरा हिरवा, म्हणून त्यांची नावंच बी आणि जी, ब्लू आणि ग्रीन वरून. तुर्कस्तानात सुके अंजीर अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली ठेवून कामगार बायका ते निवडतात. हिरवट-पिवळी चमक ही बुरशीची खूण, तो अंजीर बाजूला. (खवट शेंगदाणा तोंडात आला तर लाजू नका, थुंकून टाका.)

आणि हीच चमक आपल्या डोळ्यात मुद्दाम आणतात. दंडाच्या शिरेत फ्लुरेसिन नावाचा पिवळा रंग टोचतात. काही सेकंदांत तो रक्ताबरोबर डोळ्याच्या आतल्या पडद्यात पोचतो. निळा उजेड टाकला की तो रंग हिरवट चमकतो. कॅमेऱ्यापुढे फिल्टर असतो, तो परत येणारा निळा अडवतो आणि हिरवा तेवढा आत घेतो. मग काळ्या पार्श्वभूमीवर बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं झाडाच्या फांद्यांसारखं उजळतं आणि साखरेमुळे कुठली वाहिनी गळते आहे ते दिसतं. १९६१ साली अमेरिकेत इंडियाना इथल्या नोव्हॉटनी आणि अल्व्हिस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ही पद्धत दाखवून दिली. नंतर काही तास कातडी पिवळसर दिसते, लघवी एखादा दिवस गडद पिवळी होते, काहींना क्षणभर मळमळतं. घाबरू नये. मात्र पूर्वी कुठल्या औषधाने अंगावर पित्त उठलं असेल तर सुई टोचण्याआधी सांगावं.

हल्ली बऱ्याचदा ही सुईही लागत नाही, कारण त्याआधीच दुसऱ्या यंत्रावर बसवतात. तेच ते, हनुवटी टेकवायचं. त्याला ओसीटी म्हणतात. १९९१ साली बोस्टनजवळच्या एमआयटी या संस्थेतल्या लोकांनी ते जगापुढे मांडलं. त्यात एक्स-रे नाही, एक कणही नाही. आत आहे मंद अवरक्त उजेड, तांदळातल्या खड्यासाठी वापरतात त्याच घराण्यातला. अर्धवट आरशावर त्या उजेडाचे दोन भाग होतात. एक भाग डोळ्यात जातो, दुसरा यंत्रातल्याच एका आरशाकडे. दोन्ही परत येऊन भेटतात, आणि पेट्रोलच्या थेंबात झालं तेच होतं: लाटा जुळतात किंवा मरतात. त्यावरून यंत्र मोजतं की डोळ्यातला कुठला थर किती खोलवर आहे. मोजमाप मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतकं बारीक. केस याहून दहापट जाड असतो! पडद्यावर डोळ्याचा आतला भाग कापलेल्या कांद्यासारखा थरांथरांनी दिसतो. त्या थरांखाली पाणी साठलं असेल तर तिथे काळा फुगवटा येतो. म्हातारपणी नजरेचा मधला भाग जातो, समोरच्याचा चेहराच दिसत नाही, त्या आजारात डोळ्यात इंजेक्शन द्यायचं की थांबायचं हे डॉक्टर या चित्रावरूनच ठरवतात.

साखर असलेल्या माणसाला पडद्याचं नुकसान सुरुवातीला कळतच नाही. दुखत नाही, खुपत नाही, पेपर वाचता येतो. कळतं तेव्हा उशीर झालेला असतो, म्हणून दर वर्षी तपासणी. तासभर मोडतो, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातले तर काही तास डोळे दिपतात. उन्हाचा चष्मा आणि सोबतीला नातवंड घेऊन जा, गाडी चालवू नका. किरणांची भीती मात्र पत्राबरोबर फ्रिजवरून काढून टाका.

पोटाच्या आतलं पाहण्याची गोष्ट लांबलचक आहे, थोडक्यात सांगतो. १९५४ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि त्यांच्याकडे शिकणारे पंजाबातल्या मोग्याचे नरिंदर सिंग कपानी यांनी दाखवलं की केसासारख्या काचेच्या हजारो तंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातं, जुडी वाकवली तरी. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले ज्यू डॉक्टर बेसिल हिरशोविट्झ यांनी अमेरिकेत त्याची पोटात घालायची नळी बनवली, आणि १९५७ मध्ये ती आधी स्वतः गिळली. आपल्या इथली गोष्ट गॅव्रिएल इड्डान यांची. ते राफाएलमध्ये क्षेपणास्त्राच्या टोकावरच्या कॅमेऱ्याचं काम करत. बोस्टनला असताना शेजारी एक इस्रायली पोटाचे डॉक्टर राहत, त्यांच्याशी बोलताना लहान आतड्याचं दुखणं समोर आलं: सहा मीटर लांब, आणि नळी ना वरून पोचते ना खालून. इड्डान यांनी गोळीतच कॅमेरा बसवला. ११ मिलिमीटर जाड, २६ मिलिमीटर लांब, आत भिंग, दिवे, बॅटरी आणि आकाशवाणी म्हणा हवं तर. योकनेआमच्या कंपनीने ती बनवली आणि २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. पहिली गोळी सेकंदाला दोन फोटो काढायची, आठ तासांत पन्नास हजारांवर. एक किलो तांदूळ! डॉक्टर ते खरोखर निवडायलाच बसतात, आणि आता संगणक आधी चाळून देतो. गोळीला तुकडा कापून आणता येत नाही, अरुंद जागी ती अडकूही शकते. तेव्हा पोटाची जुनी शस्त्रक्रिया असेल तर गिळण्याआधी सांगा, आणि ती शौचावाटे बाहेर पडेपर्यंत एमआरआय करू नका.

शेवटी बोटाला लावायचा चिमटा. करोनात तो घराघरांत आला. बॅटरी हाताच्या तळव्याखाली लावून पाहा, हात लाल दिसतो. तांबडा उजेड मांसातून पार जातो. जपानमध्ये ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास त्यावरून युक्ती काढली. चिमट्यात दोन दिवे असतात, एक ६६० नॅनोमीटरचा तांबडा, दुसरा ९४० च्या आसपासचा अवरक्त. प्राणवायू भरलेलं रक्त तांबडा उजेड कमी अडवतं, रिकामं रक्त जास्त. नाडीच्या प्रत्येक ठोक्याला रक्त येतं-जातं, तेवढ्याच फरकावरून आकडा काढतात.

पण बोटावर दुसरंही काही उजेड अडवणारं असेल तर? गडद नेलपॉलिश, काळसर मेंदी, गारठलेली बोटं. आणि कातडीचा रंग. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी रुग्णांच्या रक्ताची तपासणी आणि चिमट्याचा आकडा ताडून पाहिला. रक्तात प्राणवायू घसरलेला असूनही चिमटा सारं ठीक दाखवतो, असं काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा झालं. पांढऱ्या खड्याची गोष्ट इथे उलटी होते: चिमटा जसा गोऱ्या बोटावर बसतो तसा गडद बोटावर बसत नाही. आपल्यातही गव्हाळ आहेत, सावळे आहेत, माझ्यासारखे चांगले काळेही आहेत.

म्हणून चिमटा लावताना पाच मिनिटं शांत बसा, हात चोळून गरम करा, आकडा स्थिर होईपर्यंत थांबा आणि रोजचा आकडा वहीत लिहा, म्हणजे आपल्यापुरतं आपलं माप कळतं. आणि छाती भरून येत असेल, बोलताना दम लागत असेल, तर चिमटा ९६ दाखवो की ९८, थांबू नका. नर्सला फोनवर आकडा सांगा, पण त्याआधी दम सांगा: किती पायऱ्या चढल्यावर लागतो, कालपेक्षा जास्त आहे का, आणि रात्री झोपताना किती उशा लागतात.